सोपं यमक

नाझारेनोने कॉलरला लावलेला माइक पुन्हा उपटून काढला, चिमटीत धरून उन्हात नीट निरखला आणि दुइलिओच्या नाकासमोर नेला.

"हा बघ. परत चढला होता मानेवर. यंदा किडे फार झालेत."

"किडा नाही तो. माइक आहे. आण इकडे."

"एवढासा?"

"सिनेमावाल्यांचे असेच असतात."

"मग त्यांना सांग, किड्यासारखे करू नका म्हणावं. एखादा चिरडला जायचा फुकट."

दुइलिओने माइक घेतला आणि त्याच्या कॉलरला पुन्हा अडकवला. त्याची स्वतःची बोटं आता तितकी चालत नव्हती, चिमटा दोनदा निसटला. समोर तारांच्या वेटोळ्यात बसलेला दाढीवाला, आवाज टिपणारा माणूस हे सगळं बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता. भला माणूस. सकाळपासून त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

ऑगस्टमधली दुपार. मोंतेचेर्वोच्या चौकात दगडसुद्धा तापून निघाले होते आणि चेस्टनटच्या झाडाखालची सावली पाव भाजायच्या भट्टीसारखी गरम होती. संत रोक्कोची जत्रा आज. एरवी या वेळेला गाव झोपलेलं असायचं, पण सिनेमा आल्यापासून गावाची झोप उडाली होती. बायका केस रंगवून आल्या होत्या. खाटकाने दुकानावर नवी पाटी लावली होती, कॅमेऱ्यात यावी म्हणून.

सिनेमाची गोष्ट म्हणाल तर साधी. दोन मित्र जन्मभर एकमेकांविरुद्ध गातात, भांडतात, म्हातारे होतात. तरुणपणाचं काम करायला रोमहून दोन देखणे नट आले होते, ते करून परत गेलेही. म्हातारपणाला मात्र नट मिळेना. उभ्याउभ्या आठोळी, म्हणजे आठ ओळींचं कवन, रचून गाणारा नट कुठून आणणार? मग दिग्दर्शक बाई, फ्लाव्हिया तिचं नाव, गावोगाव हिंडत इथे पोचली आणि तिने या दोघांनाच उभं केलं. नाझारेनो जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेला. दुइलिओ कोळसा पाडणाऱ्यांच्या घरातला, पुढे ट्रक चालवून निवृत्त झालेला. जत्रेच्या ओट्यावर दोघं पहिल्यांदा भिडले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, आणि तेव्हापासून एक जत्रा सुटली नव्हती.

सकाळी एक तमाशा झालाच होता. नाझारेनोने एक आठोळी म्हटली, झकास म्हटली, आणि फ्लाव्हिया म्हणाली, "सुरेख! आता तीच पुन्हा. कॅमेरा त्या बाजूला नेते."

"तीच म्हणजे?"

"आत्ताची. शब्दाला शब्द."

नाझारेनो तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, गिळलेला घास कुणी परत तोंडात घेतं का?"

ती हसली. समजूतदार होती. आजचा सवाल-जवाब एका दमात टिपू, कुणी मधे थांबवणार नाही, तिन्ही कॅमेरे एकदम लावते, असा शब्द तिने दिला. दुइलिओला मात्र तेव्हा घाम फुटला होता. कारण नाझारेनोने नकार तत्त्वासाठी दिला होता हे खरं, पण ती आठोळी त्याला पाच मिनिटांनी आठवली नसती हेही खरं.

तेवढ्यात बारच्या मागच्या दारातून एर्सीलियाने हात केला. नाझारेनोची बायको. आज ओट्यासमोर पहिल्या रांगेत बसायचं म्हणून ठेवणीतला निळा झगा घातला होता, पण चेहरा रात्रभर जागल्यासारखा ओढलेला होता. दुइलिओ गुडघ्यावर हात ठेवत उठला.

"बस," ती म्हणाली. तिने त्याच्यापुढे आक्वाकोत्ता सुपाचा वाडगा ठेवला. कांदा, टोमॅटो, शिळा पाव, वर एक अंडं. "सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"भूक नाही गं."

"खा म्हणते ना."

त्याने चमचा उचलला. ती समोर बसली आणि टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"मंगळवारी नाझारेनो कारंज्यापाशी उभा होता," ती म्हणाली. "घर कुठे ते कळेना. मला विचारतो, बाई, आल्दो घरी आलाय का? आल्दोला जाऊन किती वर्षं झाली? त्याचा सख्खा भाऊ, माती मीच दिली."

दुइलिओने चमचा वाडग्यात तसाच ठेवला.

"डॉक्टर म्हणतात गाऊ द्या. गाणं शेवटी जातं म्हणे. पण दुइलिओ, आज सगळं गाव आहे. ग्रोसेत्तोहून पोरी आल्यात, जावई आलाय. आणि वर हा सिनेमा. अडकला तर जन्मभर तसाच अडकलेला दिसेल तो. मी मेल्यावरही दिसेल." तिने गोळा केलेले कण मुठीत घेतले. "तू त्याला सोपं ठेव. ठेवतोस ना नेहमी. मला कळतं, मी काही बहिरी नाही."

"ठेवीन."

"शपथ घे."

"एर्सीलिया, ठेवीन म्हटलं ना."

ती उठली, त्याच्या वाडग्यात त्याला नको असताना आणखी एक पळी ओतली आणि आत निघून गेली.

सोपं ठेवायचं म्हणजे काय, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. आठ ओळींची आठोळी, जागच्या जागी रचलेली, गळ्यावर गायलेली. एकाने ज्या यमकावर सोडायचं, तेच दुसऱ्याने उचलायचं, आणि त्या यमकाचे आणखी दोन नवे शब्द ओळीआड बसवायचे. म्हणजे समोरच्याला काय चावायला द्यायचं हे आपल्या हातात. आमोरे म्हणजे प्रेम; त्याला क्वोरे आहे काळीज, फ्योरे आहे फूल, दोलोरे आहे दुःख, हवे तेवढे. असं यमक समोरच्यापुढे ठेवलं तर झोपेतसुद्धा गाता येतं. आणि मुळात मोजकेच जोडीदार असलेला शब्द ठेवला तर चांगल्याचांगल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. तसा शब्द ठेवण्यातच खरी गंमत, त्यासाठीच लोक उन्हात बसतात.

तीन जत्रा झाल्या, दुइलिओने नाझारेनोपुढे अवघड यमक ठेवलं नव्हतं. आणि हे काम वाटतं तसं नव्हे. शेवट सोपा करायचा तर सगळी आठोळी शेपटाकडून रचावी लागते; ती सोपी वाटू नये म्हणून मधे दोन झणझणीत टोमणे पेरावे लागतात; आणि त्यातही नाझारेनोचा चेहरा बघत राहायचं, शब्द सापडला की नाही. माणसाला हरवणं एक वेळ जमतं. त्याला हरू न देणं, तेही त्याला कळू न देता, हे पिळून काढतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुइलिओ अंथरुणातून उठायचा नाही. तोरीनोला राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, पप्पा, सोडा ना आता हे. तो म्हणायचा, सोडतो. आज ओट्याकडे निघताना त्याला मनापासून वाटलं की पाऊस यावा, वीज जावी, काहीही व्हावं आणि हे सगळं रद्द व्हावं. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता.

कारंज्यापाशी नाझारेनो मानेवर पाणी मारत होता. माइक त्याने काढून दगडावर ठेवला होता, पण या वेळी शहाण्यासारखा, पाण्यापासून लांब.

"काय म्हणत होती?" त्याने विचारलं.

"कोण?"

"माझी बायको. बारच्या मागच्या दारात तिचं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं होतं का?"

"जेवायला घालत होती."

"हं." नाझारेनोने रुमालाने मान पुसली. आज त्याचे डोळे स्वच्छ होते. असे दिवस यायचे अधूनमधून, आणि ते दुइलिओला जास्त जड जायचे. "मला आज सकाळी तिचं नाव आठवायला वेळ लागला, ठाऊक आहे? बूट घालत होतो, आणि नाव येईना. मी बुटाची नाडी बांधत राहिलो, येईपर्यंत."

"आलं ना?"

"आलं. पण यमकं मी अजून मोजतो, दुइलिओ. ते जात नाही. गेल्या जत्रेला तू काय ठेवलंस? आमोरे. मग मारे, समुद्र. मग परत आमोरे. अरे, दात न आलेल्या पोराला पेज भरवतात तसं भरवतोस मला."

"काहीतरीच काय! जे सुचलं ते म्हटलं मी."

"खोटं बोलायला तुला कधी आलं नाही. ट्रकचा ब्रेक लागला नाही म्हणून सांगितलंस तेव्हाही आलं नाही." नाझारेनो जवळ आला. त्याच्या अंगाला साबणाचा आणि मेंढीचा वास होता, मेंढ्या विकून इतकी वर्षं झाली तरी. "हे बघ. घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. जावई बोलतो, डॉक्टर बोलतो, पोरी तर काय विचारू नकोस. तू एकटा होतास माझ्यावर ओरडणारा. आणि आता तूही लागलास."

"नाझारे..."

"आज मला हाण. जमेल तेवढं हाण. अडकलो तर अडकलो. पण तुझ्या हातून अडकायचंय मला."

दुइलिओने दगडावरचा माइक उचलला, नाझारेनोची कॉलर सरळ केली आणि चिमटा लावला.

ऊन कलतं झालं तेव्हा फ्लाव्हियाने हात वर केला आणि सगळे गप्प झाले. ओटा म्हणजे दोन हातगाड्यांवर टाकलेल्या फळ्या, वर नेहमीसारखं एक टेबल, टेबलावर लाल वाईनची बाटली आणि एकच पेला. रीत अशी की जो अडकला त्याने पेला भरायचा आणि जिंकलेल्याने तो एका दमात रिकामा करायचा. त्याशिवाय निकाल लागला असं कुणी मानत नाही. गेल्या तीन जत्रांना दुइलिओने वेळेवर खोकला काढून सामना बरोबरीवर आणला होता आणि दोघं अर्धाअर्धा पेला प्याले होते.

विषय लोकांनी द्यायचा. "नवरा आणि सासू!" कुणी ओरडलं. "मेंढपाळ आणि लांडगा!" खाटीक ओरडला, "डॉक्टर आणि मटण!" आणि स्वतःच हसला. नाझारेनोने हात वर केला.

"आज विषय मी देतो. आठवण आणि विसर." तो थांबला. "विसराच्या बाजूने मी गातो. तयारी झालीय माझी."

चौकात एकदम सन्नाटा पसरला. गावाला सगळं ठाऊक होतं, अशा गोष्टी लपतात कुठे? मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकाचं पाहून दुसरं, सगळे हसायला लागले, सुटका झाल्यासारखे. पहिल्या रांगेत एर्सीलियाने डोळे मिटून घेतले.

नाझारेनोने टोपी मागे सारली, छाती भरून घेतली. आवाज अजून तसाच होता, डोंगरापलीकडच्या मेंढीला ऐकू जाईल असा. त्याच्या आठोळीचा शेवट असा होता:

*विसर मी! मज रोज सकाळी घरात दिसते नवीन बाई;*
*चाळीस वर्षं तीच बघूनही ओळख काही लागत नाही!*

लोक टाळ्या पिटत उठले. एर्सीलियाने रुमाल तोंडावर धरला, हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. दुइलिओने यमक उचललं. तो आठवण होता. त्याने गोड गोड गायलं: जुन्या वाटा, पहिलं बर्फ, आईच्या हातचा पाव. आणि शेवटी दिलेल्या शब्दाप्रमाणे ठेवलं आमोरे.

नाझारेनोने ते खाली पडू न देता उचललं, पण त्याच्या कपाळाला आठी होती. दुसऱ्या फेरीला दुइलिओने मारे ठेवलं. लोक टाळ्या वाजवत होते, पण त्या टाळ्यांत जीव नव्हता. खाटीक शेजाऱ्याशी बोलायला लागला. मग नाझारेनो दुइलिओकडे तोंड करून उभा राहिला, लोकांकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे नव्हे, आणि त्याच्या शेवटच्या दोन ओळी म्हणजे उघड चपराक होती:

*आठवण म्हणवतेस आणि अंगाई का गातेस गं?*
*झोपवायला आलीस मला, की लढायला येतेस गं?*

"ओ हो हो!" चौक गरजला. दुइलिओचे कान तापले. राग आला त्याला, खराखुरा राग, तीन जत्रांत पहिल्यांदा. एवढं करतोय मी तुझ्यासाठी, मरमर मरतोय, आणि तू लेका चारचौघांत मलाच! आणि त्या रागाबरोबर अंगात काहीतरी जुनं, ओळखीचं हललं. पाठ आपोआप ताठ झाली. एर्सीलिया त्याच्याकडे बघत होती, मान हलवत होती, नको, नको. नाझारेनोही बघत होता. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती बायकोच्या विनवणीच्या नेमकी उलट होती.

दुइलिओने सुरुवात केली. या वेळी शेपटाकडून रचली नाही. जे आलं ते म्हटलं, आणि आलं ते भयंकर होतं. तुला घराची वाट सापडणार नाही, म्हणाला. भावाला जाऊन वर्षं झाली आणि तू त्याला दारात शोधशील. बायको समोर उभी राहील आणि तू तिला विचारशील, बाई, कोण आपण? लोक हसायचे थांबले. आणि त्याने शेवट केला:

*तुझं तुला जे उरेल शेवटी, त्याला नाव ना, ना साख;*
*मी गेल्यावर चुलीत तुझिया विस्तव कसला? नुसती राख.*

राख, म्हणजे चेनेरे. त्या शब्दाचे जोडीदार एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यातला एक दुइलिओने स्वतःच वापरून टाकला होता. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी श्वास ओढून घेतला. असा शब्द लोक वैऱ्यापुढेच ठेवतात, किंवा बरोबरीच्यापुढे.

नाझारेनोने तोंड उघडलं.

आवाज आला नाही. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. दुइलिओ हातभर अंतरावर होता, म्हणून फक्त त्यालाच दिसलं: टेबलाच्या कडेवरची बोटं एकामागून एक हलत होती, शब्द मोजत होती. पहिलं बोट. दुसरं. तिसऱ्याशी थांबली. मग पहिल्यापासून. शब्द तिथेच कुठेतरी होता, दाराबाहेर उभा असल्यासारखा, आणि दार सापडत नव्हतं. कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकू येत होती. दुइलिओला वाटलं, आपण याला मारलं. सगळ्या गावासमोर, संत रोक्कोच्या दिवशी.

मग खाटीक उठून उभा राहिला.

"वा! वा रे पठ्ठ्या! विसर गप्प बसला! अरे, विसराने आणखी काय बोलायचं?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि चौक फुटला. विसराने उत्तरच विसरून दाखवलं! याच्याहून तोडीचा जवाब या ओट्यावर कुणी दिला नव्हता. टोप्या उडाल्या, जावई शिट्ट्या मारायला लागला, फ्लाव्हिया दोन्ही हात डोक्यावर धरून नाचायची बाकी होती. एर्सीलिया खुर्चीत सैल पडली. वाचलो, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. दुइलिओलाही तेच वाटलं. वाचलो बुवा.

नाझारेनो मात्र गोंधळून लोकांकडे बघत होता. त्याने हात हलवला.

"टाळ्या कसल्या वाजवताय? गप्प बसा. मला शब्द सापडला नाही."

लोक आणखीच हसले.

"अरे, खरंच सापडला नाही! अडकलो मी. हा जिंकला."

आता तर लोक डोळे पुसत हसत होते. एक बाई खुर्चीवरून घसरली. काय नट आहे, म्हणत होते, रोमचे नट झक मारतील. नाझारेनोचा चेहरा हळूहळू लाल झाला. गेली तीन वर्षं कुणी त्याचं ऐकत नव्हतंच, पण आज, शुद्धीत असताना, खरं बोलताना, तेही कुणी ऐकेना. तो वळला, बाटली उचलली आणि पेला काठोकाठ भरला. थोडी वाईन टेबलावर सांडली. मग त्याने पेला दोन्ही हातांनी दुइलिओपुढे धरला.

हसणं जरा कमी झालं. रीत सगळ्यांना ठाऊक होती.

दुइलिओ पेल्याकडे बघत राहिला. नुसती मान हलवून हसलं असतं, याच्या खांद्यावर हात टाकून लोकांना म्हटलं असतं, ऐका याचं, तर सगळं निभावून गेलं असतं. सिनेमाचा शेवट झाला असता, एर्सीलियाला दिलेला शब्द राहिला असता, गावाने वर्षानुवर्षं सांगितलं असतं की विसराने आठवणीला कसं चीत केलं. एर्सीलिया आता उभी राहिली होती. तिचे ओठ हलत होते. नको रे. दुइलिओ, नको.

नाझारेनोने पेला आणखी पुढे केला.

"घे ना, लेका," तो हळूच म्हणाला. "का माझी हारसुद्धा खाणार आहेस?"

दुइलिओने पेला घेतला आणि प्यायला. एका दमात, तळापर्यंत, रीतीप्रमाणे. वाईन कोमट होती आणि नरड्याखाली उतरताना जड वाटत होती. त्याने पेला टेबलावर उपडा ठेवला तेव्हा चौकात कुणी हसत नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. खाटीक खाली बसला. सगळ्यांना कळलं होतं, काय बघितलं ते. पोरी आईकडे बघायला लागल्या आणि एर्सीलियाने तोंड फिरवलं.

नाझारेनोचा चेहरा मात्र उजळला होता. कित्येक महिन्यांत दुइलिओने त्याला असं पाहिलं नव्हतं. त्याने दुइलिओच्या पाठीत एक दणका घातला, हाडं खिळखिळी होतील असा.

"आता कसं! चेनेरे! हरामखोरा, चेनेरे ठेवलंस मला! कोळशावाल्याची औलाद!"

"तू मागितलंस."

"मागितलं, तर एवढं?" आणि तो खदाखदा हसला. दुइलिओलाही हसू फुटलं, हसताहसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही. थकवा इतका होता की तिथेच फळीवर आडवं व्हावं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा आपण आपल्या मित्राबरोबर उभे आहोत असं त्याला वाटलं, मित्राच्या आजाराबरोबर नव्हे.

दोघं ओट्याच्या कडेला बसले. लोक पांगून भाजलेल्या मांसाच्या धुराकडे वळले, खालच्या आवाजात बोलत. एर्सीलिया आली, नवऱ्याच्या शेजारी बसली, दुइलिओकडे तिने बघितलं नाही. थोड्या वेळाने तिने नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. सूर्य डोंगराला टेकत आला होता.

फ्लाव्हिया अवघडत अवघडत समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"सिन्योर दुइलिओ, मागायला लाज वाटते मला. गाण्याचं नाही, गाणं सगळं मिळालं. पण पेला... त्या वेळी तिन्ही कॅमेरे लोकांवर वळले होते. पेला कुणाकडेच नाही. उजेड जरासाच उरलाय. तेवढंच पुन्हा करता येईल का? नुसतं भरायचं आणि प्यायचं."

"नाही," दुइलिओ म्हणाला. "ते एकदाच असतं, बाई."

"अरे, असू दे," नाझारेनो म्हणाला. तो आधीच उठला होता, उत्साहाने. "बिचारी एवढी म्हणते तर. गाणं थोडंच म्हणायचंय? वाईनच तर प्यायचीय." त्याने टेबलाकडे जाऊन पेला सुलटा केला, बाटली उचलली आणि पेल्यावर वाकवता वाकवता थांबला. बाटलीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. मग त्याने लाजल्यासारखं मागे वळून दुइलिओला विचारलं, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात:

"कोण जिंकलं होतं रे?"

एर्सीलियाने मान वर केली. आता तिने पहिल्यांदाच दुइलिओकडे बघितलं.

"मी," दुइलिओ म्हणाला. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि पेला घ्यायला गेला.